मॉन्स्टेराची नवी पानं लहान आणि अखंड का येतात?

प्रश्न: गेल्या वर्षी गुढीपाडव्याला मुलाने नर्सरीतून मॉन्स्टेरा आणून दिला. आणला तेव्हा पाच मोठी पानं होती, त्यातल्या तिघांना छान चिरा होत्या. त्याच आठवड्यात सोसायटीच्या माळ्याकडून लाल माती आणि शेणखत घेऊन १२ इंची कुंडीत लावला. आता जून उजाडला. नवी पानं तळहाताएवढीच येतात आणि त्यांना एकही चीर नसते. देठ लांबलचक झाले आहेत, झाड एका अंगाला कललंय. या महिन्यात खालची तीन पानं पाठोपाठ पिवळी पडली, बाकीच्यांच्या कडा करपल्यासारख्या दिसतात. कुंडीवर सतत चिलटं असतात. मी रोज सकाळी पेलाभर पाणी घालते. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ यंत्रातून बाहेर पडणारंच वापरते, आठवड्यातून एकदा तांदळाचं धुवणही घालते. झाड हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे, तिथे दिवसभर चांगला उजेड असतो. हॉलला पश्चिमेची बाल्कनी आहे, बेडरूमला पूर्वेची खिडकी. आणखी मोठ्या कुंडीत लावू का? खत वाढवू का?
एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, मोठी कुंडी नको आणि खतही नको. कुंडी उलट लहान करायची आहे, आणि नव्या मिश्रणातलं मापभर गांडूळखत सोडलं तर खताला निदान दोन महिने हात लावायचा नाही. लहान पानं, लांब देठ, पिवळेपणा, चिलटं ही चार वेगळी दुखणी वाटतात, पण चारही एकाच ठिकाणाहून निघालेली आहेत. झाडाला उजेड फार कमी मिळतो, आणि कमी उजेडातलं झाड पाणी फार कमी पितं. उजेड पडला की पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडतात, त्यातून वाफ बाहेर जाते आणि त्या ओढीने मुळांतलं पाणी वर चढतं. ओढच नसेल तर तुम्ही घातलेलं पाणी मातीतच बसून राहतं. चिकण लाल मातीतल्या बारीक पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही. गुदमरलेली मुळं मरतात आणि त्यांच्यावर कुजवणारी बुरशी चढते. मुळं गेलेल्या झाडाची पानं पिवळी पडतात, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आणि आपण आणखी घालतो.

तुमच्या डोळ्यांना टीव्हीशेजारी दिवसभर उजेड दिसतो, त्यात तुमची चूक नाही. माणसाचा डोळा अंधुक जागेशी पटकन जुळवून घेतो, म्हणून उजेडाच्या बाबतीत तो भरवशाचा नाही. मोबाइलवर लक्स म्हणजे उजेडाचं माप मोजणारं एखादं फुकट ॲप घ्या आणि दुपारी बाराच्या सुमारास मोबाइल पानाजवळ धरून पाहा. ॲपचा आकडा अचूक नसतो, पण दोन जागांमधला फरक कळायला तो पुरतो. बाहेर भर उन्हात लाखाच्या आसपास लक्स असतात. खिडकीपासून दहा-बारा फूट आत, भिंतीलगत, बहुतेक घरांत शे-दोनशेच भरतात. तेवढ्यात मॉन्स्टेरा लगेच मरत नाही, साठवलेल्यावर कसाबसा तग धरतो. पानं मोठी आणि चिरांची हवी असतील तर दिवसातले सात-आठ तास चार-पाच हजारांच्या पुढे उजेड हवा.

ॲप नको असेल तर पांढरा कागद झाडाच्या जागी ठेवा आणि हात त्याच्यावर फूटभर उंच धरा. सावलीत बोटं वेगवेगळी ओळखू आली, कडा मात्र मऊ असल्या, तर जागा उत्तम. नुसता एक धूसर डाग दिसला तर ती जागा शोभेची, झाडाची नव्हे.

हे झाड मूळचं दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या पावसाळी जंगलांतलं. तिथे ते जमिनीवर रुजतं आणि मोठ्या झाडाच्या खोडाला धरून उजेडाकडे चढत जातं. खाली असताना पानं लहान आणि अखंड असतात, वर पोचल्यावर मोठी होतात आणि चिरतात. तुमच्या हॉलमध्ये ते पुन्हा जंगलाच्या तळाशी गेल्यासारखं वागतंय. देठ लांब करून उजेड शोधतंय आणि पानांवर कमीत कमी खर्च करतंय.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढची निराशा त्याने वाचेल. मॉन्स्टेराचं पान उलगडल्यानंतर चिरत नाही. पान सुरळीच्याही आत, अगदी कोवळं असतानाच त्यातले ठरावीक पेशींचे ठिपके मरतात, तिथे भोकं पडतात आणि कडेजवळची भोकं वाढत जाऊन चिरा होतात. आज अखंड असलेली तुमची लहान पानं कायम तशीच राहणार, आणि झाड उजेडात नेल्यावर येणारं पहिलं पानही बहुधा साधंच असेल, कारण त्याचा आकार टीव्हीशेजारीच ठरून गेलाय. फरक दुसऱ्या-तिसऱ्या पानापासून दिसतो.

कामाला मुळांपासून सुरुवात करा. कुजणं थांबलं नाही तर उजेडाचाही उपयोग होणार नाही, उलट मुळं नसलेलं झाड उजेडात लवकर माना टाकतं. चार दिवस पाणी बंद ठेवा. मग कुंडी आडवी करून चारही बाजूंनी थोपटा आणि झाड खोडाला धरून हळूच बाहेर काढा, देठाला धरून ओढू नका. मातीचा गोळा बादलीभर पाण्यात वीसेक मिनिटं बुडवून ठेवा, लाल माती आपोआप सैल होते. उरलेली माती नळाच्या मंद धारेखाली धुऊन काढा. नर्सरीवाले बरेचदा तीन-चार रोपं एकत्र लावून कुंडी भरगच्च दाखवतात. तसं निघालं आणि मुळं सहज सुटली तर वेगळी करा, एकमेकांत घट्ट गुंतली असतील तर राहू द्या.

मुळं आता एकेक करून तपासा. निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट बदामी, दाबलं तर टणक. कुजलेलं मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो. त्याला गटारासारखा वास येतो. असं प्रत्येक मूळ निरोगी भागापर्यंत कापा. कात्री आधी आणि अधूनमधून स्पिरिटने पुसून घ्या. खोडातून निघालेली जाड, तपकिरी, कडक मुळं मात्र कुजलेली नाहीत. ती हवेतली मुळं आहेत, झाड त्यांच्याच आधाराने चढतं. त्यांना कात्री लावू नका. जी मातीपर्यंत पोचतात ती नव्या कुंडीत आत वळवून द्या.

हातमोजे घाला. मॉन्स्टेरा अळू-सुरणाच्या कुळातला, आणि अळूची खाज ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांमुळे सुटते तेच याच्याही रसात असतात. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर पान तोंडात जाणार नाही याची काळजी घ्या, तोंडाची आग होते आणि सूज येते.

कापलेली मुळं सावलीत दोन-तीन तास वाळू द्या. हळद लावली तरी बिघडत नाही, न लावली तरी अडत नाही. पूर्ण पिवळी पानं काढून टाका. अर्धी हिरवी राहू द्या, नवी मुळं फुटेपर्यंत झाडाला तेवढीच कमाई आहे.

कुंडी उरलेल्या मुळांच्या पसाऱ्यापेक्षा दीड-दोन इंचच मोठी हवी. तुमच्या वर्णनावरून ८ इंची पुरावी, फार तर १०. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती आठवडेच्या आठवडे ओली राहते आणि कुजणं तिथूनच सुरू होतं. तळाला भोकं भरपूर हवीत. तळाशी खापऱ्या किंवा विटांचे तुकडे भरायची आपल्याकडे जुनी रीत आहे, पण तिचा उपयोग नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांच्या पोकळीत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडतं. म्हणजे ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा एक तुकडा ठेवा, बस.

मिश्रणात माती अजिबात नको. १० इंची कुंडीत साधारण आठ लिटर माल मावतो. एक लिटरचं माप घेऊन तीन मापं नारळाच्या सोडणाचे तुकडे म्हणजे कोको चिप्स, दोन मापं कोकोपीट, दोन मापं परलाइट म्हणजे पांढरे, हलके, सच्छिद्र खडे, एक माप चाळलेलं गांडूळखत आणि दोन मुठी लाकडी कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे एकत्र करा. ८ इंचीला याच्या निम्मं लागेल. परलाइट कोरडं ओतताना धूळ उडते, आधी पाणी शिंपडून घ्या. कोकोपीटची वीट भिजवल्यावर पहिलं पाणी चहासारखं तपकिरी येतं. त्यात क्षार असतात, म्हणून दोन-तीन वेळा धुऊन पिळून घ्या. ही पायरी सगळे टाळतात आणि मग पानांच्या कडा जळल्या की खताला दोष देतात. तयार मिश्रण मुठीत दाबून सोडलं की विस्कटलं पाहिजे, लाडू वळला तर चिप्स वाढवा.

लावताना आधार त्याच वेळी रोवा, नंतर खुपसला तर नव्या मुळांना इजा होते. झाडाला पाठ आणि पोट असतं. ज्या बाजूने हवेतली मुळं निघतात ती पाठ. काठी तिथे लावा, म्हणजे पानांची बाजू आपोआप खिडकीकडे येते. बाजारात मिळणारी काथ्या गुंडाळलेली काठी घरात कोरडीच राहते, मुळं तिच्यात शिरत नाहीत. नुसता आधार म्हणून ती चालेल. मुळं शिरायला हवी असतील तर प्लॅस्टिकच्या जाळीची तीन-चार इंच रुंद नळी करा, त्यात ओलं कोकोपीट आणि चिप्स भरा आणि वरून पाणी देत जा. काठीला खोड बांधायचं, देठ नाही. देठ उजेडाकडे वळायला मोकळे हवेत. जुन्या सुती कापडाची पट्टी सैल बांधली की पुरे. एकदा काठी लावली की कुंडी दर आठवड्याला फिरवू नका. त्याने झाड गोंधळतं आणि देठ पिळवटतात.

कापताना एकही निरोगी मूळ उरलं नाही तर घाबरू नका. ऊस लावताना डोळा असलेलं टिपरं लावतात, तसंच इथेही आहे. खोडावर जिथे पान जोडलेलं असतं ते पेर, आणि डोळा तिथेच असतो. खोडाचा कुजका भाग कापून निदान एक पेर आणि एक पान असलेला तुकडा पाण्यात ठेवा, पेर बुडालं पाहिजे आणि पान बाहेर. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला. पावसाळी हवेत तीन ते पाच आठवड्यांत मुळं येतात. बोटभर झाली की वरच्याच मिश्रणात लावा. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर ते महिनोन्‌महिने हिरवं राहील, पण त्यातून झाड कधीच होणार नाही.

जागेचं म्हणाल तर बेडरूमची पूर्वेची खिडकी तुमच्या घरातली सर्वांत चांगली जागा आहे. खिडकीपासून दीड-दोन फुटांच्या आत ठेवा. सकाळचं कोवळं ऊन दीड-दोन तास थेट पडलं तरी चालतं. सुरुवातीचे पंधरा दिवस मात्र पांढरा पातळ पडदा ओढून ठेवा, कारण अंधारात वाढलेली पानं एकदम उन्हात नेली तर भाजतात. भाजलेला डाग फिकट, कागदासारखा असतो आणि भरून येत नाही. काळी काच किंवा डासांची जाळी बराच उजेड खाते. दिवसा जाळी सरकवता आली तर सरकवा. पश्चिमेची बाल्कनी आत्ता ढगाळ हवेत मोहात पाडेल, पण ऑक्टोबरमध्ये आभाळ निवळलं की दुपारचं ऊन दोन दिवसांत पानं करपवेल.

झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात म्हणून बेडरूममध्ये नकोत, असं कुणीतरी नक्की सांगेल. सोडतात हे खरं, पण शेजारी झोपलेलं माणूस त्याच्या कितीतरी पट जास्त सोडतं. निश्चिंत ठेवा. फक्त एसीचा झोत थेट पानांवर येऊ देऊ नका.

पाणी रोज देणं आजपासून बंद, वारही ठरवू नका. रोजच्या पेलाभर पाण्याने वरचा थर सतत ओला राहतो आणि आतल्या मुळांपर्यंत कधी पोचतं, कधी पोचत नाही. बोट दोन पेरं आत घाला किंवा बांबूची काडी तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढा. बोटाला कोरडं लागलं आणि काडीच्या खालच्या टोकालाच थोडा ओलावा दिसला, की तळातून पाणी बाहेर येईपर्यंत सावकाश घाला आणि अर्ध्या तासाने ताटलीतलं साचलेलं ओतून टाका. महिन्याभरात कुंडी नुसती उचलूनही तुम्हाला अंदाज येईल. ओली आणि कोरडी यांच्या वजनात चांगलाच फरक असतो. डोंबिवलीच्या भर पावसाळ्यात बारा-बारा दिवस पाणी लागणार नाही, एप्रिल-मेमध्ये चार-पाच दिवसांनी लागेल. पाणी दिल्यावर सकाळी पानाच्या टोकाला थेंब लोंबताना दिसले तर काळजी करू नका. जास्तीचं पाणी झाड असं बाहेर टाकतं.

आरओमधून बाहेर पडणारं पाणी वाचवण्याची तुमची तळमळ कळते, पण ते लादी पुसायला आणि संडास-बाथरूम धुवायला वापरा. निम्मं पाणी बाहेर टाकणाऱ्या यंत्रात उरलेल्या पाण्यातले क्षार जवळजवळ दुप्पट होतात. कुंडीत ते साठत जातात, पानांच्या कडा तपकिरी होतात आणि कुंडीच्या काठावर पांढरी पुटं चढतात. तुमच्या झाडाच्या करपलेल्या कडा यामुळेही असाव्यात. साधं नळाचं पाणी उत्तम, आणि या चार महिन्यांत पागोळ्यांखाली बादली ठेवलीत तर त्याहून उत्तम. एसीतून ठिबकणारं पाणीही चालतं.

तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, ताक, यातलं काहीही घरातल्या कुंडीत नको. त्या पिष्टावर मातीत बुरशी वाढते, चिलटांच्या अळ्या ती बुरशी खातात आणि सोबत कोवळी मुळंही कुरतडतात. नव्या मिश्रणात वर दोन बोटं जाडीचा नुसत्या कोको चिप्सचा थर द्या आणि कुंडीलगत पिवळे चिकट सापळे लावा. सापळ्याला उडणारी चिलटंच चिकटतात, मातीतली अंडी तशीच राहतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यात पुन्हा चिलटं दिसली तरी धीर सोडू नका. तीन-चार आठवडे वरचा थर कोरडा राहिला की पिढीच तुटते.

पानं पंधरा दिवसांनी ओल्या सुती कापडाने दोन्ही बाजूंनी पुसा. दूध, खोबरेल तेल, कसलीही चकाकी आणणारी फवारणी नको, तिच्यावर धूळ बसते. पुसताना मागची बाजू नीट पाहा. शिरांच्या बेचक्यात कापसासारखा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून लगेच टिपून घ्या. चंदेरी ओरखडे आणि मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसले तर फुलकिडे. त्यांना एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १-२ मिली द्रव साबण घोटून फवारा, संध्याकाळी, दर सहा-सात दिवसांनी, निदान चार वेळा. एकदाच फवारून थांबलात तर उरलेल्या अंड्यांतून पुन्हा सगळे हजर होतात.

कुंडी बदलल्यावर तीन-चार आठवडे वर काहीच हालचाल दिसणार नाही, एखादं जुनं पान आणखी जाईल. तेव्हा झाड खाली मुळं धरत असतं, पुन्हा उपसून पाहू नका. पुढे सुरळी दिसली की ती हाताने सोडवण्याचा मोह टाळा. ओलसर हवेत ती स्वतःहून उलगडते, ओढली की नेमकी चिरेच्या जागी फाटते. पहिलं पान पूर्ण उघडून गडद हिरवं झाल्यावरच खत सुरू करा. १९:१९:१९ म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, दर वीस दिवसांनी, सप्टेंबरअखेरपर्यंत. ऑक्टोबरनंतर महिन्यातून एकदा पुरे. खताचं पाणी कोरड्या मिश्रणात कधीच ओतू नका, आदल्या दिवशी साधं पाणी द्या आणि मग खत.